अब्बांच्या कबरीवरचा ओटा

भाईजान, सलाम.

अब्बांच्या कबरीवर मी बांधलेला ओटा काल माझ्याच छिन्नीने काढला. तो बांधला तेव्हा "गवंडी झालास म्हणून बापालाही प्लॅस्टर करणार का?" असं तुम्ही म्हणालात, आणि तेव्हापासून दोन वर्षं आपलं बोलणं बंद आहे. कबर मातीची, वीतभर उंच असावी, हे तुमचं म्हणणं खरं होतं. पण एक सांगायचं राहिलं. दफनाच्या दिवशी मी कामावरून पोचलो तेव्हा तुम्ही सगळे कबरीत मूठमूठ माती देऊन परतला होतात. मला अब्बांसाठी या हातांनी काहीतरी करायचं होतं, आणि हातांना बांधकामच येतं.

पीरबाबांचा दर्गा मात्र अजून झाडतो. आता त्यांच्याकडे मागत नाही, अल्लाहकडे त्यांच्यासाठी दुआ मागतो. दर्गा सांभाळणारा मुजावर हसतो, "मिस्त्री, उलटाच कारभार तुमचा!" तुम्हाला तर दर्ग्यात जाणंच मान्य नाही, तेव्हा हे झाडणंही पटणार नाही. तेवढं भांडण राहू द्या, नाहीतर आपण बोलणार काय?

हे पत्र टपालात टाकत नाही. शुक्रवारी नमाजनंतर ते घेऊन मीच तुमच्या दारात येतो. ओटा काढला तिथे खड्डा पडलाय, तो तसाच ठेवलाय. फावडं मी आणीन. माझी राहिलेली माती तुमच्यासोबत द्यायची आहे.

तुमचा धाकटा