दुसऱ्या फेऱ्यात थांबलेल्या इंजिनाची व्यवस्था

मी, या कागदाच्या शेवटी सही करणार, वय वर्षे बहात्तर, निवृत्त परीक्षा नियंत्रक, लिहून ठेवतो की माझी स्मृती शाबूत आहे, डॉक्टरांनी मला आज सकाळीच तपासले आहे आणि माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. जे आहे ते माझे स्वतःचे असून त्याची दखल कायदा घेत नाही, असे वकीलबाईंनी मला समजावले आहे. पूर्वी आम्ही उभयतांनी मिळून केलेल्या मृत्युपत्रात माझ्या पश्चात सर्व पत्नीला आणि तिच्या पश्चात सर्व मला, असे ठरले होते. त्यातील निम्मे तिच्या निधनाने निकालात निघाले. उरलेले निम्मे मी रद्द करतो.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या मुलीने करावी. ती थोरली आहे म्हणून नव्हे, तर तिला सांगितलेली गोष्ट ती सांगितली तशीच करते म्हणून.

कलम २. राहते घर, त्याला लागून असलेल्या गॅरेजसह, मुलगा व मुलगी यांना समसमान. ठेवावे की विकावे हे त्यांनी ठरवावे. मुलाचे मत मला ठाऊक आहे. आई गेल्यापासून तो दर रविवारी फोन करतो. ‘बाबा, आमच्याकडे एक खोली रिकामी पडलीये. तुम्ही तिथे एकटे कसली राखण करत बसलाय?’ ‘राखण’ हा शब्द त्याने चिडून वापरला, पण तो अचूक आहे. गॅरेजचे दार स्वयंपाकघरात उघडते. त्यामुळे कॉफी करताना, जेवताना, भांडी घासताना पत्नीची गाडी माझ्या पाठीशी असते. रात्र बाहेर काढावी लागेल म्हणून मी मुलीच्या नव्या घरी अद्याप गेलेलो नाही. तिने ते एकदाही बोलून दाखवलेले नाही, आणि म्हणून ते अधिक लागते. मुलाने मध्यंतरी एक दलाल आणला होता. चाके काढून स्टँडवर चढवलेली गाडी पाहून त्याने मुलाच्या कानाशी लागून विचारले, ‘ही बाहेर निघते, की भिंत पाडायची?’ मला ऐकू कमी येते अशी घरात समजूत आहे. मी ती खोडून काढलेली नाही.

कलम ३. बँकेतील ठेवी दोघांना समसमान. याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ४. आता गाडी. जपानी बनावटीची, दोन दारांची, जुनी स्पोर्ट्स कार. दिवे लावले की बॉनेटमधून दोन डोळे वर उचलणारी. माझी पत्नी दातांची डॉक्टर होती. दवाखाना बंद केल्यावर वर्षभरात तिने ही गाडी एका बंद कारखान्याच्या आवारातून ओढून आणली. तळाला पत्रा उरला नव्हता आणि मागच्या सीटवर मांजर व्यायले होते. ‘अहो, मूळ मजबूत आहे. कीड वरवरची आहे,’ ती म्हणाली. हे वाक्य मी तिच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसून पुष्कळ ऐकले होते, आणि ते ऐकून सुखावलेल्या माणसाला पुढे किती खेपा घालाव्या लागतात, तेही पाहिले होते.

सडलेला पत्रा कापून तिने नवा जोडला. तेवढ्यावर थांबली असती तर त्याला जीर्णोद्धार म्हणता आले असते. परंतु तिला गाडी होती तशी नको होती. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो तिने मोठा बसवला, स्प्रिंगा आखूड केल्या, ब्रेक एका जड गाडीचे आणून जुळवले. उंची कमी असल्यामुळे सीटखाली स्वतः वळवलेल्या लोखंडी पट्ट्या घातल्या. इंजिनाच्या मागच्या अंगाला, जिथे नजर पोचत नाही, तिथे ती दात पाहायचा आरसा घालून पाहत असे. मी स्टुलावर बसून दुरुस्तीच्या पुस्तकातून कामाचा क्रम वाचत असे. ‘जरा माणसासारखं वाचा की,’ ती गाडीखालून म्हणायची. ‘परीक्षेच्या सूचना नाहीत या. इथं कोणीतरी ऐकतंय.’

मी ते काम तिच्यावरील लोभापोटी करत होतो, गाडीवरील लोभापोटी नव्हे, हे नमूद करून ठेवतो.

कलम ५. गाडीतून काढलेले मूळ भाग तिने कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत. ते सर्व, मूळ स्टिअरिंगसह, माझ्या मेहुण्यांना द्यावेत. ते जुन्या गाड्यांचे जाणकार आहेत. निदान तसे बोलतात. ‘ताई, वाटोळं केलंस तू हिचं,’ असे ते गॅरेजमध्ये उभे राहून म्हणाले होते. ‘जुनी वस्तू जुनीच शोभते.’ तिने मान वर न करता विचारले, ‘मग केस का रंगवतोस?’ पुढे बरेच दिवस बहीणभाऊ बोलत नव्हते. तिचे अंत्यसंस्कार आटोपून आम्ही घरी आलो, तेव्हा पाण्याचा पेला हातात धरूनच मेहुण्यांनी मला बाजूला घेतले. ‘भावोजी, ते ओरिजिनल स्टिअरिंग फेकलं नाही ना हो तिनं?’ फेकले नाही. ते आता त्यांचे आहे. गाडी त्यांची नाही.

कलम ६. तिची हत्यारे कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला द्यावीत. त्याच्याकडून आणलेला एक पाना परत गेलेला नाही असे तो हसत हसत सांगतो. तो त्यांतच असेल, त्याने शोधून घ्यावा. दात पाहायचे आरसे मुलाला. त्याला त्यांचा उपयोग नाही, पण लहानपणी ते लपवल्याबद्दल त्याने मार खाल्ला आहे. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर लागला की टक् असा आवाज करणारा लांब पाना, या वाटणीतून वगळला आहे.

कलम ७. वगळण्याचे कारण असे. इंजिनाच्या वरच्या भागाला हेड म्हणतात. ते बसवताना त्याचे बोल्ट एका दमात कसत नाहीत. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, ठरलेल्या क्रमाने, एक फेरा हलका, दुसरा जास्त, तिसरा पुरा, असे कसत जातात. त्या दिवशी पहिला फेरा झाला होता. ‘कॉफी ठेवा. दुसरा निम्मा झालाय, हात धुऊन येतेच,’ असे ती दारातून म्हणाली. मी स्वयंपाकघरात होतो. तोवर पान्याचे टक् टक् ऐकू येत होते. ते मोजण्याचे मला काही कारण नव्हते. तिने हात धुतले, खुर्चीत बसली आणि टेबलाला धरून राहिली. डॉक्टर येईपर्यंत सगळे संपले होते.

कोणते बोल्ट दुसऱ्या फेऱ्यातले आणि कोणते पहिल्यातलेच, हे आता कोणालाच ठाऊक नाही. मेकॅनिकला मी बोलावले होते. त्याने बराच वेळ पाहिले. ‘काका, असं मधूनच पुढे नाही कसता येत. सगळे सैल करायचे, मधली गॅस्केट नवी टाकायची आणि पहिल्यापासून सुरू करायचं. तासाभराचं काम आहे, आत्ता करून टाकतो.’ मी नको म्हणालो. तो पुढल्या महिन्यात पुन्हा आला. ‘असंच ठेवलंत तर दमट हवा आत जाऊन सिलिंडर गंजतील. काकूंची सगळी मेहनत मातीत जाईल.’ तेही मला पटते. त्या बोल्टांवर तिच्या हाताचा जोर जसाच्या तसा धरलेला आहे. ते सैल केले तर तो गेला. न केले तर तिने उभे केलेले इंजिन गेले. मी मोकळ्या वेळात या दोहोंपैकी एक निवडण्याचा प्रयत्न करतो, आणि माझा सर्व वेळ मोकळा आहे.

मुलगी एकदा गॅरेजच्या दारात उभी राहून म्हणाली, ‘बाबा, आई त्या बोल्टांत नाहीये.’ मी म्हणालो, ‘मला माहीत आहे.’ तिने माझ्याकडे पाहिले आणि दार लावून घेतले. मला खरोखरच माहीत आहे. त्याने काही फरक पडत नाही.

कलम ८. पहिल्या मसुद्यात मी गाडी मुलीला दिली होती आणि हेडच्या कोणत्याही बोल्टला कधीही पाना लावू नये, अशी अट घातली होती. वकीलबाईंनी ती दोनदा वाचली.

‘सर, घालायची म्हटलं तर घालू. पण त्या ताई ती पाळतील.’

‘पाळावी म्हणूनच घातली आहे.’

‘तेच म्हणतेय मी. घर विकलं तर त्या गाडीसाठी जागा शोधत बसतील. कुठं जायचं झालं तर आधी गाडीचं बघतील. तुम्ही दोन वर्षांत एक रात्र बाहेर राहिला नाहीत, सर. त्या तर अजून पन्नाशीच्याही नाहीत.’

मी मसुदा परत घेतला.

सबब गाडी मुलीला, टॉर्क रेंचसह, कोणत्याही अटीविना. ती तिने चालवावी, विकावी, आणखी बदलावी, किंवा मामाशी समेट करून पुन्हा मूळ रूपात आणावी. माझ्या हयातीत मात्र हेडला कोणी हात लावू नये. ‘मग आत्ताच का नाही?’ असे वकीलबाईंनी विचारले. मृत्युपत्रात कारण देणे बंधनकारक नसते, असे त्या थोड्या वेळाने आपणहून म्हणाल्या.

कलम ९. माझ्या पश्चात, घरातील अन्य कोणतीही वस्तू हलवण्यापूर्वी, मुलीने ते बोल्ट सैल करावेत. मेकॅनिकला सोबत बोलवावे, पण पाना तिने स्वतः धरावा. बाहेरच्या बोल्टांपासून सुरुवात करून मध्याकडे यावे. प्रत्येक बोल्ट थोडा थोडा सोडावा, एकदम सोडल्यास हेड वाकते. हे मी पुस्तकात वाचले आहे, मोठ्याने. सोडताना काही बोल्ट सहज सुटतील आणि त्यानंतर एक जड लागेल. तिथपर्यंत तिची आई पोचली होती. ते हाताला कळेल. कळल्यावर थांबू नये.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो. साक्षीदारांपैकी कोणासही या मृत्युपत्रान्वये काहीही मिळत नाही, याबद्दल त्यांचे आभार.

(सही)
मृत्युपत्र करणार, निवृत्त परीक्षा नियंत्रक

साक्षीदार
१. (सही) तपासणारे डॉक्टर. मृत्युपत्र करणार पूर्ण शुद्धीवर आहेत. रक्तदाब थोडा जास्त.
२. (सही) मसुदा करणाऱ्या वकीलबाई.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: ९ नोव्हेंबर