कडा जळालेली पानं

४ मार्च २०२५, मंगळवार
डाळिंबाच्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्यात. खालची, जुनी पानं आधी. आबा म्हणाले, "उन्हानं झालं आसंल." असेल. भवानीनगरला सगळे ऊस लावत होते तेव्हा आबांनी, माझ्या बापानं, ही बाग उभी केली. त्यांना नाही कळणार तर कोणाला?

८ मार्च
कडा आता तपकिरी. बोटानं दाबलं की चुरा होतो. कळ्या गळताहेत – झाडाखाली नुसता लाल सडा!

१२ मार्च
बारामतीहून पानं-माती तपासून आली. बोरॉन! भरमसाट.
गेल्या वर्षी फळं तडकली, म्हणून यंदा ठिबकमधून बोरॉन द्यायचं ठरवलं होतं. तपासणीवाल्या बाई फोनवर म्हणाल्या, "अहो, हे चिमूटभर लागतं. कमी पडलं तर फळ तडकतं, जास्त झालं तर झाड जळतं. कितीदा सोडलंत?"
एकदाच. आबांनी, माझ्यासमोर.
उपाय काय, तर भरपूर गोडं पाणी देऊन ते मुळांखाली धुऊन काढायचं. आमचं बोअर खारट. कालव्याचं पाणी कधी सुटणार, कोणीच सांगत नाही.

१३ मार्च
खतांच्या खोलीत बघितलं. बोरॉनच्या हंगामभराच्या पिशव्या – सगळ्या रिकाम्या.
आबा गेणबाकाकांवर तुटून पडले. "तूच सोडलंस! लई दिलं की लई माल येतो, आसं वाटलं व्हय तुला?" मी शाळेत होते तेव्हापासून काका आमच्याकडं पाणी बघतात.
"आबा, म्या हात बी लावला न्हाय."
मीही म्हणाले, "काका, चुकून झालं असेल तर सांगा तरी."
काका बायकोला, फुलाबाईला, घेऊन सोमेश्वरनगरला लेकीकडं निघून गेले. जाताना फाटकाशी हळूच म्हणाले, "ताई, आबांकडं ध्यान द्या."
बागेचा धक्का बसलाय, म्हणून म्हणाले असतील.

१७ मार्च
पानगळ. पलीकडचा रस्ता बागेतून आरपार दिसतो.

२० मार्च
कालवा कोरडाच. धाकट्या भावाचा, संघपालचा, पुण्याहून फोन – "काढून टाक आक्का ती बाग. ऊस लाव." ह्याचं काय जातंय बोलायला!
आबा दिवसभर बांधावर बसून असतात. जेवायला बोलावलं की येतात.

२३ मार्च
रोज बागेत जाते. काडी मोडून बघते, आत हिरवी आहे का. आज एकही नव्हती.

२४ मार्च
सकाळी आबा ठिबकच्या टाकीपाशी. किती दिवसांनी हसरे! हातात बोरॉनची नवी पिशवी – गुपचूप दुकानात जाऊन आणलेली.
"करुणा, औंदा फळ तडकू द्यायचं न्हाय. बोरॉन सोडायचं ऱ्हायलंच की आपलं! गेणबा कुठं हाय? हाक मार त्याला."