शुभेच्छुकांच्या रांगेत

पिंपळडोह, ता. कोरपना
९ नोव्हेंबर २०२५

चि. रंजीतास,
देवरावभाऊचा सप्रेम जयभीम. इकडं सारे खुशाल हाओत, तुह्या वहिनीचा खोकला तेवढा सोडून.

बाई, तुहा फोन दिवसभर बिझी, म्हणून शेवटी कागद घेतला. चंद्रपूरच्या पर्यावरण आरोग्य संशोधन संस्थेची तू संचालक झाली हे पेपरात आलं, अन् गावात नुसता कल्ला! कोरपन्याच्या स्टँडवर चहावाल्यानं बोलावून बोलावून चहा पाजला. धानोऱ्याकडचे दोघं जण खदानीच्या लाल पाण्याचं गाऱ्हाणं घेऊन माह्याच दारात आले, जसा का मीच संचालक. अर्धं गाव म्हणते, आता सिमेंटच्या धुळीचा हिशेब होईन. ज्यायची पोरं कारखान्यात ठेक्यावर हायेत ते म्हणून राह्यले, का ही बाई आमच्या चुली विझवते का काय.

छातीच्या तपासणीचा अभ्यास आपल्याच गावापासून सुरू करीन म्हणली होती ना तू, ते वहिनीनं साऱ्या बायायले सांगून ठेवलं. कापूस वेचतानी सिमेंटची धूळ छातीत जाते हे कोणी तरी सरकारी कागदावर लिहून घेईन, एवढीच तिची आस हाय. नुसत्या औषधाले ती कंटाळली.

येत्या रविवारी विहारापुढं तुहा सत्कार ठेवला. मंडपाची सोय झाली. नाई म्हणाचं नाई, मोठा भाऊ हाओ मी. अन् साहेबीण झाली तरी जेवाले घरीच.

माया हायेच, ती पातळ नको होऊ देऊ.
तुहा भाऊ देवराव


चंद्रपूर
२१ नोव्हेंबर २०२५

ती. भाऊंना,
सविनय जयभीम. वि. वि.

सोबत पेपरचं कात्रण पाठवते. मी शाल घेऊन उभी, डोक्यावर कारखान्याच्या नावाचा मंडप, मागे फ्लेक्स. त्यावर शुभेच्छुकांच्या रांगेत पहिला फोटो कारखान्याच्या मॅनेजरचा आणि त्याला लागून तुमचा, हात जोडलेला. वर मथळा: संचालकबाई कोणाच्या? धानोऱ्याच्या ज्या बायांनी मला रविवारी हार घातला, त्याच काल संस्थेच्या फाटकाशी येऊन हेच विचारत होत्या. मला बाहेर जायची हिंमत झाली नाही.

भाऊ, मंडप कोणाचा हे मला का नाही सांगितलं? पण तुमच्यावर तरी कशी चिडू? गाडीतून उतरल्याबरोबर मला ते सगळं दिसलं होतं. तेव्हाच मागे फिरायला पाहिजे होतं. तुम्ही नवा सदरा घालून, माईक हातात धरून इतके खूश दिसत होतात, की मी मुकाट्यानं शाल घेतली. संचालक मी होते, तुम्ही नव्हता. मला स्वतःचीच लाज वाटते.

वहिनींना घेऊन इथल्या दवाखान्यात या. अभ्यासाचं काय करायचं ते अजून ठरलं नाही.

रागावू नका, जवळच धरा.
आपली रंजीता


पिंपळडोह
२५ नोव्हेंबर २०२५

चि. रंजीतास सप्रेम जयभीम.

कात्रण पाह्यलं अन् जेवण गेलं नाई. मीच गेलतो साहेबाकडं मंडप मागाले. मले वाटलं, त्यायलेही मान दिला म्हणजे ठेक्यावरच्या पोरायले कोणी तरास नाई देणार, अन् तुह्यावर कोणी खार नाई खाणार. अन् ज्याचा मंडप त्याचा फोटो फ्लेक्सवर, हे तर आपल्याकडं रिवाजच हाय. कोरपन्याच्या फ्लेक्सवाल्याच्या दुकानात फोटो मीच देल्ला, वरतून म्हणलं, साहेबाचा मोठा काढ. कशी अक्कल गेली माही!

पेपरवाल्याले लिहून देतो, का चूक माही हाय, माह्या बहिणीची नाई. तू मले भर सभेत बोल, भाऊ म्हणू नको. पण गाव सोडू नको, बाई.

अपराधी असलो तरी तुहाच,
देवराव


चंद्रपूर
४ डिसेंबर २०२५

ती. भाऊंना सविनय जयभीम.

अभ्यासातून आपलं गाव वगळलं. कोणी सांगितलं नाही, मीच वगळलं. आपलं गाव ठेवलं असतं तर आधीच लोकांना संशय, वरून कारखान्याचा वकील म्हणाला असता, बाईनं भावाच्या गावासाठी आकडे फुगवले. मग बाकीच्या गावांचंही कोणी खरं मानलं नसतं. शेजारचं बोरझरी घेतलं आहे, आणि काम दुसऱ्या डॉक्टरांकडे दिलं आहे.

सही करताना वहिनींचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? तुम्हीच सांगा. मी भित्री आहे.

जमलं तर माया ठेवा.
रंजीता


पिंपळडोह
१९ डिसेंबर २०२५

चि. रंजीतास सप्रेम जयभीम.

वहिनीले सांगाची हिंमत मलेही नाई झाली. बोरझरीले तपासणी सुरू झाली हे तिच्या कानी आलं, तिले वाटलं, आपल्या गावाचीही तिथंच ठेवली असन. काल सकाळीच धुतलेलं लुगडं नेसून, पायी गेली. तिचं माहेरच ते. तिथं साऱ्या ओळखीच्या बाया, त्यायनं तिले रांगेत जागा करून देल्ली.

नंबर आला तशी मशीनवाल्या पोरीनं गाव विचारलं. हिनं पिंपळडोह सांगितलं. यादीत नाई म्हणून पोरीनं हात जोडून परत पाठवलं. येतानी फाट्यावर खोकलत बसली होती, मीच गाडीवर घेऊन आलो.

मी उलटा तिच्यावरच चिडलो. म्हणलं, बोरझरी काऊन नाई सांगितलं? माहेर हाय तुहं, कोणी नाई म्हणलं नसतं. तर म्हणे, नणदेच्या हापिसच्या लोकायले खोटं कशी सांगू, आपण तिले अगोदरच कमी लाजवलं का?

आपण म्हणली, बाई. मंडप मी आणला, फोटो मी देल्ला, अन् ती आपण म्हणली.

तिच्यासाठी तरी आमच्यावर माया राहू दे.
तुहा भाऊ देवराव