उशाखालची जमीन

३ नोव्हेंबर १९७४, कुरुळी
बदली एकदाची पार पडली. दवाखान्याजवळच हवेशीर खोली मिळाली. खिडकीतून कांद्याचं रान दिसतं. घरमालक कोंडीराम पिंपरीला कंपनीत जातात. त्यांच्या बायकोने, सारजाबाईंनी, शेणाने जमीन इतकी गुळगुळीत सारवलीय की चप्पल घालून आत जायची लाज वाटली. जेवणही त्यांच्याकडेच. मजा आहे आपली.

१० नोव्हेंबर
सारजाबाईंचा पदर डोक्यावरून कधीच का ढळत नाही ते आज कळलं. टाळूवर गाठ आहे. कातडीचा कर्करोग, क्वचित आढळणारा आणि महाचिवट. पुण्यात दोनदा काढला, दोनदा परत आला. आता पुण्याला जायचं नाही, कापायचं तर तुम्हीच कापा म्हणतात. नको नको म्हणून थकलो, शेवटी हो म्हणालो.

१७ नोव्हेंबर
गाठ काढली, भोवतालच्या चांगल्या कातडीसकट. तपासायला पुण्याला धाडायची होती, पण कोंडीराम मागायला आले. बाळंतपणातली वार पुरतात तसं अंगातलं काहीही घरातच पुरायचं. बाहेर गेलं की माणूसही त्यामागे जातं, असं त्यांच्याकडे मानतात. दिवसभर पेशंट तपासून वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. देऊन टाकली.

१५ डिसेंबर
सारजाबाईंची जखम सुरेख भरली. माझ्या उशाखाली मात्र जमीन फुगलीय. घूस असेल. ठोकून सपाट केली.

२२ डिसेंबर
पुन्हा फुगली. गाठ तिथेच, माझ्या खोलीत पुरली होती म्हणे. मला सांगायचं कोणाला सुचलं नाही. चिडायलाही अंगात जोर लागतो.

५ जानेवारी १९७५
खुरप्याने फुगवटा कापला. आत ओलं, लाल. पलीकडे चुलीपाशी सारजाबाई डोकं धरून खाली बसल्या. टाळूतून रक्त. पट्टी बांधताना हळूच म्हणाल्या, "डाक्टर, आता कुठं मला बरं वाटाया लागलं हाय. त्ये कापू नका."
नाही कापणार म्हणालो. मला भीती वाटते आहे.

१९ जानेवारी
जमिनीवर केस उगवलेत. खाट हलवली. सकाळी फुगवटा परत उशाखाली — दमलो.

२ फेब्रुवारी
आंघोळ करताना हाताला लागली. माझ्या टाळूवर. तशीच गाठ. पुण्याला जायला बॅग भरली —

दारात सारजाबाई. डोक्यावर पदर नाही, टाळू स्वच्छ. भिंतीशी नवा खड्डा खणलाय, शेणही कालवून ठेवलंय. मायेनेच म्हणाल्या, तुम्ही आता घरातलेच, तुमचं बाहेर कशाला जाऊ द्यायचं — कोंडीराम दाराची कडी —