गाठीचं शेपूट

४ फेब्रुवारी
चौथी सलाईन झाली. हात गप्प आहे!
सहा वर्षांपूर्वी कटिंग मशीनच्या दाबपट्टीखाली मनगट सापडलं, तेव्हापासून हा उजवा हात निखाऱ्यात धरल्यासारखा जळतो. वाऱ्याची झुळूक लागली तरी कळ डोक्यात जाते. आज त्या हातावर बाही चढवली.
औषधाचं नाव केटामाइन. भूल द्यायचंच औषध, थोडं थोडं करून चार तास सोडतात. मध्येच छत लांब जातं नि आपण कापूस होतो. नर्सताई म्हणाली, "आजी, कुठे फिरून आलात?" म्हटलं, "तिकीट तुम्हीच काढलंत, तुम्हालाच ठाऊक."

६ फेब्रुवारी
आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मास्तरांच्या टिपणांची बांधणी घेतली. चाळीस वर्षं झाडं बघून लिहिलेलं, एकुलती एक प्रत. सहा जाड खंड होतील. सुई धरली आणि हात हातासारखा वागला.
माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं बांधायला आलेल्या पुस्तकांतून शिकले. हा हात गेला की ती शाळाही सुटली.

१७ फेब्रुवारी
दुखणं परतलं. दहापैकी सात. पहिल्या वेळी दीड महिना आराम होता. या वेळी तेरा दिवस.

३ मार्च
तपासणी. भुलीच्या डॉक्टरीणबाई सरळ बोलतात. "आजी, उपयोग होतोय, दिसतंय. पण वर्षानुवर्षं घेतलं तर काय, याचा अनुभव आम्हालाही कमीच. लिव्हर, मूत्राशय, स्मरण, सगळीकडे लक्ष ठेवायचं. लघवीला जळजळ? सारखं जावं लागतं?"
"नाही बाई."
धडधडीत खोटं. दिवसातून पंधरा वेळा जाते. जळतंही. सूनबाई शेजारच्या खुर्चीत होती, तिलाही पत्ता नाही — कारखान्यात नळ गळतोय का बघते म्हणून उठते. हे फक्त इथे लिहितेय. खरं सांगितलं तर सलाईन बंद, आणि पुन्हा तो निखारा.

१० मार्च
पाचवी झाली. हात गप्प. खालची जळजळ गप्प नाही.

१४ मार्च
दुसरा खंड शिवून झाला. ही वही मात्र खिळखिळी झालीय, मधली पानं लोंबताहेत. बांधणारणीची वही आणि हे ध्यान. वेळ मिळाला की शिवीन.

२ एप्रिल
दहापैकी आठ.

१९ एप्रिल
तीन खंड शिवून झालेत, पुठ्ठे लागायचेत. आज सहज दुसरा फळीवरून उतरवला. फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, घडी घातले की प्रत्येकाच्या पाठीवर आम्ही एक खूण ओढतो, आधीच्यापेक्षा जरा खाली. सगळे क्रमाने लागले की जिना दिसतो. जिना ठीक होता. पण गाठीचं शेपूट डावीकडे वळलेलं. माझं उजवीकडे वळतं.
सूनबाई डावखुरी.
तिसरा पाहिला. तसाच.
विचारलं. तिने कात्री खाली ठेवली. "आई, सातवा फर्मा चौथ्याच्या जागी होता. तिसऱ्या खंडात दोन उलटे लागले होते. उसवून शिवले."
"मला का नाही सांगितलंस?"
"सलाईननंतरचे चार-पाच दिवस होतं तसं. पण शिवताना तुम्ही गुणगुणत होतात. सहा वर्षांनी."
चुकल्याची मला आठवणसुद्धा नाही. तेच जास्त लागलं.

२० एप्रिल
दिवसभर डोक्यात तोच हिशेब. औषध नाही, तर बाही चढत नाही, सुई धरवत नाही, घरातल्यांवर चिडचिड. औषध आहे, तर तेरा दिवस हात आपला. त्यातले पाच डोकं आपलं नाही. आणि मूत्राशय कायमचं गेलं तर परत यायचं नाही, असं बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.
विसरणं काय, वयानेही होतंच, औषधाच्या माथी कशाला मारायचं — असं स्वतःला समजावत बसले. चाळीस वर्षं फर्म्याची चूक हातून झाली नव्हती, हेही मलाच ठाऊक.
तरीही. तीन खंड राहिलेत. सूनबाई मागून तपासेल. उद्या सहावी सलाईन. बाईंनी जळजळीचं विचारलं तर नाहीच म्हणणार.

२१ एप्रिल
निघण्याआधी दोन ओळी लिहायला बसले. आजचं पान नेमकं मधलं निघालं. लोंबत नाही. घट्ट शिवलंय. मी शिवलेलं नाही.
गाठीचं शेपूट डावीकडे आहे.
म्हणजे शिवताना तिने वाचलंय. तिला सगळं ठाऊक आहे, आणि मी सांगेन म्हणून ती थांबलीय. बाहेर चपला घालून उभी आहे. "आई, निघायचं ना?"
वही पिशवीत घेते. बाईंना ३ मार्चचं पान दाखवायचंय.