बाबांचा भोंगा

२ मार्च, सकाळी ९.
संकल्प: बाबांच्या गोळ्यांसाठी स्वतः प्रोग्रॅम लिहायचा. रक्तदाबाची सकाळी आठला, रक्त पातळ ठेवायची दुपारी दोनला. वेळ झाली की त्यांच्या मोबाइलवर घंटा. बायको म्हणाली, फ्रिजवर कागद लावलाय, बाबा बघून बरोबर घेतात. फारच वाटलं तर मोबाइलमध्ये गजर असतोच. मी नुसता हसलो. ऑफिसात अकरा वर्षं प्रोग्रॅमरांच्या शेजारच्या टेबलावर बसतोय, निम्मी विद्या कानावरूनच आलीय. दोन दिवसांचं काम. आधी फक्त कोड एडिटर, म्हणजे प्रोग्रॅम ज्यात लिहायचा ती वही, निवडायचा.

३ मार्च.
फ्रिजवरचा कागद काढला. दोन व्यवस्था असल्या की माणूस गोंधळतो. बाबांना समजावलं. पस्तीस वर्षं कारखान्याच्या भोंग्यावर जेवलेला माणूस, लगेच कळलं. म्हणाले, म्हणजे भोंगा झाला की गोळी. म्हटलं, अगदी तसंच.

५ मार्च.
एडिटर पहिला. फार सोपा. म्हणूनच संशय येतो. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला म्हणाला, खरा प्रोग्रॅमर माउसला हात लावत नाही. दुसरा उतरवून घेतला.

६ मार्च.
दुसऱ्यातून बाहेर पडायची वाट सापडेना. शेवटी कॉम्प्युटरच बंद केला. ताकदवान एडिटर आहे.

९ मार्च.
तिसरा. पार्श्वभूमी काळी की गडद निळी? घाई नको, डोळे जन्मभर पुरवायचेत. मुलीने विचारलं, किती ओळी झाल्या. म्हटलं, पाया घालताना मजले मोजत नाहीत. ती म्हणाली, खड्डा तरी खणलास का, पप्पा?

१२ मार्च.
बाबांचं डोकं दुखतंय. झोप झाली नसेल. अक्षरांचा फाँट ठरला. गडद निळीच.

१४ मार्च, संध्याकाळी ६. हॉस्पिटल.
जेवताना बाबा खुर्चीवरून घसरले. तोंड वाकडं, उजवा हात हलेना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या बंद केल्या होत्या का? मी म्हटलं, छे. बायकोने पिशवीतून पाकिटं काढली. तीन तारखेपासून एकही गोळी फोडलेली नाही. ती सातलाच कामावर जाते, तिला वाटलं मी बघतोय. मुलगी म्हणाली, परवा कॉलेजला निघताना आजोबांना विचारलं होतं, गोळी घेतली का. म्हणाले, भोंगा कुठे झालाय अजून.

१५ मार्च.
तिसऱ्या एडिटरमध्ये मुळातच काहीतरी खोट असावी. सुचूच देत नव्हता. चौथ्याबद्दल चांगलं ऐकलंय. बायको बोलत नाही.

२८ मार्च, सकाळी ८.१०.
काल बाबांना घरी आणलं. वाचा गेलीय. बायकोने फ्रिजवर नवा कागद लावला आणि बाबांच्या मोबाइलमध्ये गजर लावला. उभ्या उभ्या, चहाला उकळी येईपर्यंत.

आठला गजर झाला. बाबांनी डोळे उघडले, मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी गोळी घेऊन वाकलो तर डाव्या हाताने माझी पाठ थोपटली. दोनदा.

भोंगा कुणी लावला, ते मी सांगितलं नाही.