तळ्याकाठची सपाट जागा

प्रिय दादा,

यंदा तळ्यांकडे जायची जागा मी निवडते आहे. हसू नकोस. चहा घेऊ की कॉफी यावर माझी पाच मिनिटं जातात हे मला ठाऊक आहे, पण घरात दुसरं कुणी हे काम अंगावर घ्यायला तयार नव्हतं. बाबा म्हणाले, तूच ठरव, माझं काय, मला कुठेही नेऊन बसवा. आई डबे पुसत होती. ती वळूनही न बघता म्हणाली, तुझा दादा येईल अशी जागा बघ. आता अशी जागा कुठल्या माहितीपत्रकात छापतात ते तूच सांग. कॅरॅव्हॅन घरंगळून बाबांचा घोटा चिरडला त्या दिवसापासून तुम्ही दोघं एकमेकांशी बोललेला नाहीत. तेव्हापासून आम्हीही कुठे गेलेलो नाही. तीन उन्हाळे आपलं फिरतं घर मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभं आहे. आई मधूनमधून आत जाऊन पडदे धुते, परत लावते, आणि कुणी विचारलं तर म्हणते, धूळ बसते गं.

तर मी दोन शनिवार-रविवार बसने जाऊन पाच जागा पाहिल्या. पहिलं ते मोठं कौटुंबिक रिसॉर्ट, घसरगुंड्या, होड्या, सगळं काही. तिथे सकाळी सातला कर्णा सुरू होतो आणि एक बाई मुक्कामाला आलेल्या सगळ्यांना व्यायाम करायला लावते. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, तुम्हाला आवडत असेल तर मी कानात कापूस घालीन. म्हणजे नाहीच. दुसरी जागा इतकी सुंदर होती की मी तिथे अर्धा तास नुसती बसून राहिले. गाडीच्या दारातून खाली पाय सोडले की पाणी. पण न्हाणीघरं वर टेकाडावर, एक्क्याऐंशी पायऱ्या. मी दोनदा मोजल्या, कारण पहिल्यांदा ऐंशी आल्या होत्या. काठी घेऊन बाबा त्या चढतील, पण कुणाला चढताना दिसणार नाहीत अशा वेळी चढतील, हे तुलाही माहीत आहे. तिसऱ्या जागी सगळी वर्षानुवर्षं मुक्काम ठोकलेली माणसं. गाड्यांना कुंपणं, कुंपणांना कुंड्या, आणि माझ्याकडे बघणं असं, की मी कुंडी उचलून न्यायला आले आहे.

प्रत्येक ठिकाणी मी एकच गोष्ट आधी विचारत होते: जमीन सपाट आहे का? आमची आहे, असं सगळेच म्हणतात. म्हणून मी बाबांच्या हत्यारांतली पाणसळ पिशवीत घालून नेली होती, गवंडी भिंतीवर धरतात ती. चौथ्या ठिकाणी मी ती गवतावर ठेवून ओणवी झाले, तेव्हा तिथला राखणदार जवळ येऊन म्हणाला, ताई, राहायला येताय की बंगला बांधायला? मी लाजून उठले, पण काचेतला बुडबुडा एका टोकाला गेला होता, तेव्हा मी नाही म्हणून आले. पाचव्या ठिकाणी एक नवरा-बायको कॅम्प चालवतात. बाई शिडीवर चढून दिवा बदलत होती. माझे सगळे प्रश्न तिने वरूनच ऐकले: वीज, पाण्याचा नळ, न्हाणीघर किती पावलांवर, पाण्यापर्यंत उतार किती. मग खाली येऊन म्हणाली, बाई, तुमचे वडील येणार आहेत की तपासणी खातं? आणि तिनेच पाणसळीचं दुसरं टोक धरलं. बुडबुडा मधोमध थांबला, दादा. तळं पन्नास पावलांवर, मध्ये लाकडी कठडा. मी शेजारशेजारच्या दोन जागा धरून ठेवायला सांगितल्या. दुसरी कुणासाठी, असं तिने विचारलं. मी म्हटलं, माझ्या भावासाठी, अजून त्याला विचारलेलं नाही.

माझी पहिली चार वर्षांची शाळा स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाली. आईने मला अक्षरं शिकवली आणि तू गणित. उत्तर आलं की मी उड्या मारायची आणि तू म्हणायचास, थांब, ताळा कर. वजाबाकी केली की बेरीज करून बघ. घरातल्या कामांना मात्र हा नियम नव्हता. ज्याचं काम त्याने करायचं, दुसऱ्याने मागून जाऊन बघायचं नाही. बघितलं तर तो अपमान. चाकांखाली ठोकळे लावायचे तू, मोटारीपासून कॅरॅव्हॅन सोडवायची बाबांनी, ओटा आईचा, आणि सामान धुऊन पुसून पेटीत ठेवायचं ते माझं. म्हणून बाबांनी त्या दिवशी मोटारीचा आकडा सोडण्याआधी खाली वाकून पाहिलं नाही. नंतर ठोकळे पेटीत सापडले, स्वच्छ, कोरडे, आणि बाबा तुला म्हणाले, एक काम होतं तुझ्याकडे. तू म्हणालास, मी लावले होते. ते म्हणाले, वर आणखी खोटं बोलतोस?

तू खोटं बोलत नव्हतास. तू लावलेच होते. तू पाण्याची नळी आणायला गेलास तेव्हा मला दिसलं की ठोकळ्यांवर मागच्या मुक्कामाचा चिखल आहे. तो पुसायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. मला वाटलं, कॅरॅव्हॅन अजून मोटारीला जोडलेली आहे, दोन मिनिटांचं काम आहे. मी ते काढले आणि नळावर घेऊन गेले. बाबांचा आवाज आला तेव्हा ते माझ्या हातात होते. पुढे मी काय केलं ते मला नीट आठवतं, म्हणूनच लिहिते आहे. मी ते पुसले आणि पेटीत ठेवले. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं असं मी स्वतःला किती तरी वेळा सांगितलं आहे. पण कुणी विचारणार नव्हतं हे मला तेव्हाच माहीत होतं. बाबांचा पाय बरा होऊ दे मग सांगू, तू चिडलेला आहेस तो शांत हो मग सांगू, असं करत तीन वर्षं गेली. गेल्या महिन्यात तू आईला फोनवर म्हणालास, जाऊ दे गं, मीच विसरलो असेन. आईने ते मला सांगितलं तेव्हा मी इस्त्री करत होते. मी इस्त्री बंद केली आणि दुसऱ्या दिवशी तळ्यांकडची बस पकडली. आधी सांगायला हवं होतं आणि मग जागा शोधायला हवी होती. मी उलटं केलं.

मंगळवारी नाश्त्याच्या वेळी मी बाबांना आणि आईला सगळं सांगितलं. आई रडली. बाबांनी ताटली बाजूला सारली आणि म्हणाले, म्हणजे तो खरं बोलत होता. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी म्हटलं, मी दादाला लिहिते. ते म्हणाले, तुझं तू लिही, माझं मी बघतो. माफी मागायला हे पत्र नाही, ती मागायचं तोंड मला नाही. तुला मला पाहायचं नसेल तर मी येणार नाही, कॅम्पवाल्या बाईंना मी तसं कळवीन. तुमच्या तिघांच्या जागा पक्क्या आहेत. मी लिहिते आहे ते दोन गोष्टींसाठी. तू विसरला नव्हतास, हे तुला माझ्या अक्षरात मिळावं म्हणून. आणि दुसरं, मंगळवारपासून तुझ्या फोनवर घरच्या नंबरवरून बरेच कॉल येऊन गेले असतील. ते आईचे नाहीत. बाबा नंबर लावतात, एक घंटा वाजू देतात आणि घाबरून ठेवून देतात. दुसरी घंटा त्यांच्याच्याने होणार नाही, दादा. पहिल्याच घंटेला उचल.

अजूनही तुझीच,
धाकटी